महिनाभर बेटावर जा, फक्त किचन घरी ठेवून जा

पत्र जरा मोठं होतं, कापून देतेय:

"नमस्कार ताई. वय ५८, राहणार नाशिक. आमचे हे मे महिन्यात बँकेतून रिटायर झाले आणि तेव्हापासून डोक्यात एकच, अंदमानच्या नील बेटावर जाऊन पाच आठवडे राहायचं. हॉटेल नको, किचन असलेली कॉटेज घ्यायची, आपलं आपण करून खायचं, मस्त निवांत. रोज सकाळ-दुपार-संध्याकाळ काय करायचं त्याची एक्सेल शीटपण तयार आहे. भावजय मागच्या वर्षी टूरबरोबर जाऊन आली, ती म्हणते नीलला एक रात्र पुरे, दुसऱ्या दिवशी काय करायचं हा प्रश्न पडतो. मुलगा म्हणतो बाबांना बीपी आहे, तिथे काही झालं तर? सासूबाई ८२ च्या, त्यांना दिरांकडे ठेवावं लागेल. आणि खरं सांगू का, माझी योगाची बॅच, लायब्ररी, भिशी, मैत्रिणी हे सगळं सोडून मला तिथे करमेल असं वाटत नाही. पण बोलायची लाज वाटते, कारण मुलगी सारखी 'सेकंड हनीमून' म्हणून चिडवते. जाऊ की नाही म्हणू?"

जा हो ताई. पण ह्यांनी ठरवलंय तसं नको. सगळ्यात आधी ती किचनवाली कॉटेज रद्द करायला सांगा, पैसे भरले नसतील तर उत्तम, थोडा ॲडव्हान्स गेला तरी जाऊ दे.

मी हे गमतीने म्हणत नाहीये. पस्तीस-एक वर्षं ज्या घरात कुकर कोण लावतं हे ठरून गेलंय त्या घरातली माणसं बेटावर उतरली म्हणून ते बदलत नाही, उलट तिथे तुमचा मिक्सर नाही, तुमच्या सुऱ्या नाहीत, एकच शेगडी आणि एक वाकडं झालेलं पातेलं, त्यात सकाळचा चहा-पोहे, मग दुपारचं, मग चारचा चहा, मग रात्रीचं, आणि मध्ये मध्ये हे बाहेर खुर्चीत बसून "बघ गं, समुद्र काय सुंदर दिसतोय" असं ओरडून सांगणार आणि तुम्ही आतून "हो हो" म्हणणार. पाच आठवडे. ह्यांना खरंच हौस असेल तर माझी हरकत नाही, पण मग आधी नाशिकला पंधरा दिवस दोन्ही वेळचं त्यांनी करून दाखवायचं, भांड्यांसकट. नसेल जमत तर विषय संपला.

आणि पैसे वाचतील हे जे ते म्हणतायत ना, त्यातही फार दम नाही. नीलवर भाज्या भरपूर होतात, अख्ख्या अंदमानला भाजी पुरवणारं बेट म्हणून ते ओळखलं जातं, केळी, नारळ, वांगी, लाल भोपळा सगळं तिथलंच. पण तेल, डाळ, गॅस, साखर हे सगळं बोटीने येतं. दोन माणसांसाठी तेवढं सामान भरायचं आणि उरलेलं शेवटी कोणाला तरी देऊन यायचं, त्यापेक्षा होमस्टेवाल्यांशी बोलून महिन्याचं जेवण लावून टाका. तिथली बहुतेक वस्ती पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांची, १९६० च्या दशकात सरकारने त्यांना तिथे जमिनी देऊन वसवलं, त्यामुळे घरगुती जेवण म्हणजे भात, पातळ मसूरडाळ, एखादी भाजी आणि माशाचं कालवण. मोहरीच्या तेलाचा वास पहिले दोन दिवस नाकात बसतो, मग काही वाटत नाही. ह्यांचे सोमवार-शनिवार असतील तर आधीच सांगून ठेवा, वांग्याचे काप आणि डाळभात मिळतो, कोणी कपाळाला आठ्या घालत नाही. हिंदी सगळ्यांना येतं. तुम्ही घरून मेतकूट, शेंगदाण्याची चटणी आणि लोणच्याची एक बाटली न्या, बास. पोळ्यांची मात्र आशा सोडा, मिळतात पण त्या आपल्या नव्हेत.

आता भावजय म्हणते त्याबद्दल. ती तिच्या जागी अगदी बरोबर आहे. नील हे साधारण चौदा चौरस किलोमीटरचं बेट, २०११ च्या जनगणनेत वस्ती तीन हजारांच्या आसपास. भरतपूर, लक्ष्मणपूर, सीतापूर, रामनगर आणि मधला बाजार म्हणजे नील केंद्र, संपलं गाव. टूरवाले सकाळच्या बोटीने येतात, भरतपूरला काचेच्या तळाच्या बोटीतून प्रवाळ बघतात, ओहोटी असेल तर लक्ष्मणपूरचा तो दगडी नैसर्गिक पूल, संध्याकाळी लक्ष्मणपूरच्याच पलीकडच्या बीचवर सूर्यास्त, पहाटे सीतापूरला सूर्योदय, की चलो. बघण्यासारखं खरंच तेवढंच आहे. म्हणजे ह्यांची एक्सेल शीट चौथ्या दिवशी संपणार, हे त्यांना आत्ताच सांगा. नाहीतर पाचव्या दिवसापासून ते तुम्हाला घेऊन तेच चार स्पॉट उलट्या क्रमाने फिरायला लागतील.

पण तुम्ही बघायला चाललाच नाहीयात, राहायला चाललायत. स्पॉट संपले की मगच तिथे बरं वाटायला लागतं असा माझा अनुभव आहे. टूरची बोट सुटली की भरतपूरच्या किनाऱ्यावरचा तो जेट-स्कीचा आवाज आणि शहाळ्यांच्या टपऱ्यांवरची गर्दी ओसरते, मग गावातली पोरं पाण्यात उतरतात, बाजारातला चहावाला तिसऱ्या दिवशी न विचारता बिनसाखरेचा चहा पुढे करतो, भाजीवाली बाई "काल का नाही आलात" असं विचारते. हे एका रात्रीत होत नाही, ह्याला आठवडा लागतोच.

एक गोष्ट कुठल्याच टूरवाल्याने तुम्हाला सांगितली नसेल, ती म्हणजे संध्याकाळ. घड्याळ तिथेही आपलंच, पण बेट नाशिकच्या एवढं पूर्वेला की सूर्य तिथे साधारण सव्वा तास आधी उगवतो आणि तेवढाच आधी बुडतो. जानेवारी-फेब्रुवारीत साडेपाचच्या आसपास सूर्य गेला, सहाला मिट्ट काळोख. आणि त्यानंतर झोपेपर्यंत काय? बाजारात एक फेरी मारली की पाऊण तास जातो. टीव्ही असेलच असं नाही, नेट असतं पण कधी धावतं कधी रांगतं, व्हिडिओ बघायच्या भरवशावर तर अजिबात राहू नका. जोडप्यांची भांडणं होतात ती ह्या सहा ते नऊमध्ये. दिवसा कोणी भांडत नाही, दिवसा समुद्र असतो. म्हणून एक तर घड्याळ विसरून तिथल्या उजेडाप्रमाणे चाला, साडेआठला झोप आणि साडेचार-पाचला उठून बाहेर, सीतापूरची पहाट त्यासाठीच आहे. आणि दुसरं म्हणजे संध्याकाळसाठी काहीतरी हातात असू दे. पत्ते न्या. लायब्ररीतून पाच आठवड्यांसाठी पुस्तकं मिळत नसतील तर रद्दीवाल्याकडून जुने दिवाळी अंक उचला, वाचून झाले की तिथेच सोडून या. विणकाम करत असाल तर लोकर न्या, स्वेटर कोणाला लागणार त्या उकाड्यात ते सोडा.

आता तुम्ही जे लाजत लाजत लिहिलंय त्याकडे येते, कारण मला पत्रातला खरा प्रश्न तोच वाटला, बाकीचं सगळं चौकशी-खिडकीवर पण कळलं असतं. मैत्रिणींशिवाय करमणार नाही ह्यात लाजण्यासारखं काय आहे? हे सकाळी नऊला बँकेत जायचे, रात्री आठला यायचे, त्या सगळ्या वर्षांत तुम्ही तुमचा दिवस उभा केलात, त्यात योगा आहे, भिशी आहे, चार बायका आहेत ज्यांना तुमच्या गुडघ्याची आणि सुनेची सगळी हकीकत माहितीये. ह्यांचं तसं काही नाहीये. त्यांचा दिवस बँकेने उभा केला होता तो मे महिन्यात काढून घेतला, आता त्यांना नवा दिवस हवाय आणि तो ते तुमच्यासकट एका बेटावर शोधायला निघालेत. मला त्यांची दया येते खरं तर, चांगला माणूस दिसतोय, नुसता सोफ्यावर बसून न्यूज चॅनल बघत नाहीये. पण त्यांचा दिवस भरायची सगळी जबाबदारी तुमच्यावर पडता कामा नये. नाशिकला ते लपून जातं कारण दारावर बेल वाजते, भाजीवाला येतो, कोणाचं तरी लग्न असतं. तिथे दुसरं कोणी नसतं.

मग करायचं काय, तर रोज सकाळी दोन-तीन तास वेगळे. आधीच, इथे बसून, स्पष्ट बोलून ठरवायचं, तिथे जाऊन रुसून नाही. आम्ही राहिलो तिथे शेजारच्या खोलीत कोलकात्याचं एक जोडपं होतं, दोघं साठी उलटलेली. काका चहा झाला की भाड्याच्या सायकलवर निघून जायचे, कधी जेट्टीवर, कधी लक्ष्मणपूरला, आणि काकू पायरीवर पाय सोडून बसायच्या, शब्दकोडं, केस विंचरणं, घरमालकिणीशी गप्पा, मालकिणीबरोबर लाल भाजी निवडताना तर मी त्यांना रोजच बघायचे. अकराच्या सुमाराला काका घामाघूम होऊन यायचे, हँडलला एक मासा लटकवलेला, आणि मग जेवताना दोघांचं जे चालायचं, कोण भेटलं, मासा केवढ्याला दिला, मालकिणीच्या मुलीचं लग्न कुठे ठरतंय, बापरे. दोघांकडे एकमेकांना सांगायला काहीतरी असायचं म्हणून ते गप्प बसत नव्हते. चोवीस तास एकत्र असलेल्या माणसांना एकमेकांना सांगायला काय असणार, दोघांनी तेच बघितलेलं असतं.

मैत्रिणींना रोज रात्री एक व्हॉइस मेसेज टाका, नेट आलं की जाईल. योगा तिथे पण होतो, उलट भरतपूरच्या वाळूवर सकाळी सहाला कोणी चिटपाखरू नसतं. आणि पाच आठवडे जास्त वाटत असतील तर तीन आठवडे करा, त्यात काही मोडत नाही. मी तुमच्या जागी असते तर ह्यांना सांगितलं असतं की तीन आठवड्यांचं परतीचं तिकीट काढूया, फार आवडलं तर पुढच्या वर्षी पाच.

मुलाची काळजी खोटी नाही, तिला नीट उत्तर द्या. बेटावर प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, ताप-जुलाब-जखम एवढं होतं. त्याच्या पलीकडचं काही झालं तर पोर्ट ब्लेअरचं जी. बी. पंत हॉस्पिटल, म्हणजे बोट, आणि बोट रात्री नसते. तातडीच्या पेशंटसाठी प्रशासन हेलिकॉप्टर पाठवतं पण हवामान आणि उजेड असेल तर. हे ऐकून तुमच्या डॉक्टरांनी "जा" म्हटलं तरच जायचं. बीपी गोळीने आटोक्यात असेल तर बहुतेक म्हणतील, छातीत दुखण्याचा काही इतिहास असेल तर मी स्वतः नाही म्हणेन, मग शेजारचं हॅवलॉक बेट काय आणि नील काय. गोळ्या पूर्ण मुक्कामाच्या अधिक दहा दिवसांच्या, अर्ध्या ह्यांच्या बॅगेत अर्ध्या तुमच्या, प्रिस्क्रिप्शनचा फोटो दोघांच्या फोनमध्ये.

सासूबाईंचं मी थोडक्यात सांगते. दिरांना "महिनाभर जरा बघा" असं मोघम नका सांगू, तारखा सांगा, औषधांचा तक्ता द्या, आणि जाऊबाईंशी तुम्ही स्वतः बोला, भावाभावांनी परस्पर ठरवलं की काम जाऊबाईंवर पडतं आणि राग तुमच्यावर निघतो. त्यांच्या घरी बाई लावावी लागली तर तिचा पगार ह्यांनी द्यायचा, तो बेटाच्या बजेटमध्येच धरा.

बुकिंगचा थोडा घोळ होईल तेवढा आधीच सांगून ठेवते. डिसेंबर २०१८ मध्ये नीलचं सरकारी नाव शहीद द्वीप झालं आणि हॅवलॉकचं स्वराज द्वीप, आणि २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचं श्री विजयपुरम, त्यामुळे विमानाच्या आणि बोटीच्या तिकिटावर ही नावं दिसली तर हे गोंधळून फोन करत बसतील. लोक अजून सगळे नील आणि पोर्ट ब्लेअरच म्हणतात. २६ जानेवारीची सुट्टी संपली की निघा, फेब्रुवारी-मार्चला समुद्र शांत असतो, पाणी स्वच्छ असतं. मेच्या शेवटी पाऊस लागतो आणि बोटी रद्द व्हायला लागतात, तेव्हा तिकडे असणं नको. तरीही परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी नव्हे, दोन दिवस आधी पोर्ट ब्लेअरला येऊन राहा, वारा सुटला की बोट रद्द, आणि विमान थांबत नाही. त्या दोन दिवसांत सेल्युलर जेल निवांत बघून होईल, टूरवाले धावतपळत दाखवतात तसं नाही. सरकारी बोट स्वस्त पण वेळखाऊ, खासगी कॅटामरान महाग आणि एसी, पोट ढवळत असेल तर गोळी आधी डॉक्टरांना विचारून घ्या.

खोली नाशिकहून पाच आठवड्यांसाठी बुक करू नका. चार दिवसांची करा, तिथे उतरल्यावर सायकलवर फिरून दोन-चार ठिकाणं बघा आणि मग महिन्याचा भाव करा, ऑनलाइनवर दिसतो तो एका रात्रीचा दर आहे, त्याला तीसने गुणून ह्यांनी जे बजेट काढलंय ते फाडून टाका. बघताना विचारायचं ते हे की लाइट गेल्यावर पंखा चालतो का, मच्छरदाणी आहे का, बाजार चालत किती लांब. बाजारापासून फार दूर घेऊ नका, काळोखात टॉर्च घेऊन रोज दोन किलोमीटर चालायचा उत्साह दुसऱ्या आठवड्यात उतरतो. फेब्रुवारीनंतर गोड्या पाण्याची तंगी असते, बादलीने अंघोळ करा, शॉवर उघडा सोडू नका. कॅश जास्त न्या, एटीएमच्या भरवशावर राहू नका.

पाण्याचं म्हणाल तर दोघांनी रबरी सोलचे बूट घ्याच, वाळू संपली की खाली सगळं प्रवाळ आणि खडक, कापलं की जखम लवकर भरत नाही. लक्ष्मणपूरच्या पुलाकडे फक्त ओहोटीला जाता येतं, आणि तिथे घाई करू नका. खडकांच्या खळग्यात पाणी साठून राहतं, त्यात काळ्या काकडीसारखे जाडजूड प्राणी पडलेले असतात, निळ्या-जांभळ्या ओठांचे मोठे शिंपले खडकात रुतलेले असतात, सावली पडली की मिटतात, एका खळग्यापाशी अर्धा तास बसलात तरी कमीच. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी सगळ्यात लांब जातं. कोकणात माहेर असेल तर तिथीच्या पाऊणपटीचं भरतीचं गणित माहीत असेल, ते तिकडे लावू नका, वेळा वेगळ्या पडतात, मालकाला विचारा, त्याला पाठ असतात. खारफुटीच्या खाडीच्या तोंडाशी पाण्यात उतरायचं नाही, अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत, बोर्ड लावलेला असेल तिथे ह्यांची फुशारकी चालू देऊ नका. वाळूवर टॉवेल टाकून आडवं पण नका होऊ, बारीक वाळूमाश्या चावतात, दुसऱ्या दिवशी पाय लाल आणि आठवडाभर खाज. खुर्चीत बसा, पायाला खोबरेल तेल चोपडा.

मुलीच्या 'सेकंड हनीमून'ला तर उत्तरच देऊ नका, हसून सोडा. ह्यांना मात्र आज रात्री जेवणं झाल्यावर दोनच गोष्टी सांगा, स्वयंपाक नाही आणि सकाळचे दोन तास माझे. ते जरा गप्प होतील, मग बहुतेक एक्सेलमध्ये एक कॉलम वाढवतील. वाढवू दे.

आणि हो, सीतापूरच्या वाळूवर शंख दिसतील, इतके सुंदर की हात जाणारच, पण त्यातले निम्मे चालायला लागतील कारण आत खेकडे राहतात, आणि रिकामा शंख किंवा मेलेलं प्रवाळसुद्धा बेटाबाहेर न्यायला बंदी आहे, विमानतळावर बॅगेतून काढून घेतात, वर कटकट वेगळी. सासूबाईंना देवघरात ठेवायला शंख हवाच असेल तर पोर्ट ब्लेअरला सागरिका म्हणून सरकारी एम्पोरियम आहे तिथून घ्या, आणि पावती बॅगेत खाली नको, पर्समध्ये वर ठेवा.